शस्त्रक्रियेनंतरचं कामजीवन



स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेली बाई काही महिन्यांनी तपासणीला येते तेव्हा आम्ही डॉक्टर तिला बरंच काही विचारतो. हात खांद्याच्या वर जातो का, स्वतःची वेणी घालता येते का, काखेत पाणी साचतंय का, भूक कशी आहे, साखर किती. छातीवरचा व्रण चाचपतो, दुसऱ्या बाजूचा स्तन तपासतो आणि पुढची तारीख देतो. नवऱ्याशी संबंध पुन्हा सुरू झाले का, त्यात दुखतं का, इच्छा होते का, हे मात्र कुणी विचारत नाही. डॉक्टरला वाटतं, बाईला लाज वाटेल. बाईला वाटतं, महत्त्वाचं असतं तर डॉक्टरांनी विचारलं असतं. दोघंही एकमेकांची भीड राखतात आणि बाहेर पुढचा नंबर पुकारला जातो.

आज मी ही भीड बाजूला ठेवून बोलणार आहे. सभागृहात तरुण मुलं-मुली आहेत याचा मला आनंद आहे. कुणाला अवघडल्यासारखं झालं तर होऊ द्या, तासाभरात सवय होते.

आधी या बायका कोण, ते पाहू. २०२२ साली भारतात स्तनाच्या कर्करोगाच्या सुमारे १ लाख ९२ हजार नव्या रुग्ण आढळल्या, असा ‘ग्लोबोकॅन’ या कर्करोगाच्या जागतिक आकडेवारीचा अंदाज आहे. भारतीय स्त्रियांमध्ये आता हाच सर्वाधिक आढळणारा कर्करोग आहे, आणि पाश्चात्त्य देशांच्या मानाने आपल्याकडे तो साधारण दहा वर्षं आधी गाठतो. म्हणजे माझ्यासमोर बसणारी बाई पुष्कळदा चाळिशीतली असते, तिची मुलं शाळेत असतात आणि संसार भरात असतो. ‘आता या वयात कशाला’ हे वाक्य तिला लागू नाही. आणि ती साठीची असली तरी ते वाक्य म्हणायचं की नाही हे तिने ठरवायचं, आपण नव्हे.

कर्करोग आणि स्त्रीचं कामजीवन हे शब्द एकत्र आले की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर एकच गोष्ट येते, ती म्हणजे नसलेला स्तन. यामागे इतिहास आहे. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातले शल्यचिकित्सक विल्यम हॉलस्टेड यांनी १८९४ मध्ये आपली शस्त्रक्रिया सविस्तर मांडली. स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठी असं सगळं एकत्र काढायचं. बाईची छाती बरगड्यांपर्यंत खोल जायची, हात सुजायचा. पाऊणशे वर्षं जगभर हीच पद्धत चालली, कारण जितकं जास्त काढू तितकं आयुष्य जास्त, अशी श्रद्धा होती. ती मोडली ती दोघांनी. मिलानचे उंबर्तो वेरोनेसी यांनी १९८१ मध्ये आणि पिट्सबर्गचे बर्नार्ड फिशर यांनी १९८५ मध्ये दाखवून दिलं की लहान गाठ असेल तर फक्त गाठीचा भाग काढून वर रेडिएशन दिलं तरी बाई तितकीच जगते. दोघांच्याही अभ्यासांचे वीस वर्षांचे निष्कर्ष २००२ मध्ये एकाच नियतकालिकाच्या एकाच अंकात छापून आले. वाद तिथे संपायला हवा होता.

आपल्याकडे तो रुग्णालयाच्या व्हरांड्यात चालूच असतो. ‘काढूनच टाका डॉक्टर, उगाच कटकट नको,’ असं सांगायला नवरा, दीर, भाऊ येतात. कधी कारण खरं असतं. लांबच्या तालुक्यातून आलेल्या कुटुंबाला रेडिएशनसाठी शहरात पाच-सहा आठवडे राहणं परवडायचं नाही. आता तेच रेडिएशन तीन आठवड्यांत देता येतं. निवडक रुग्णांना एका आठवड्यात, पाच मात्रांतही देता येतं असं २०२० मध्ये ब्रिटनमधल्या चाचणीने दाखवलं. तेव्हा हे कारण पूर्वीइतकं भक्कम राहिलेलं नाही. पण पुष्कळदा कारण वेगळंच असतं. ‘दोन मुलं झाली, आता तिला काय करायचंय?’ हे तिच्यासमोर बोललं जातं आणि ती पदर सावरत खाली बघत राहते. स्तन ठेवायचा की नाही, हा निर्णय तिचा आहे. तिला एकटीला आत बोलावून विचारलं पाहिजे.

एवढं बोलल्यावर आता शल्यचिकित्सकाच्या तोंडी विचित्र वाटेल असं एक सांगते. स्तन राखला की गेला, यावर शस्त्रक्रियेनंतरचं कामसुख फारसं ठरत नाही. स्वतःच्या शरीराबद्दल काय वाटतं यात फरक पडतो, कपडे घालताना पडतो, आरशासमोर तर नक्कीच पडतो. पण लॉस एंजेलिसच्या पॅट्रिशिया गँझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लॉस एंजेलिस व वॉशिंग्टन इथल्या स्त्रियांचा अभ्यास करून १९९९ मध्ये जे मांडलं, त्यात कामजीवन चांगलं की वाईट हे ठरवणाऱ्या गोष्टी निराळ्याच निघाल्या. योनिमार्गाचा कोरडेपणा, मनाची अवस्था, शरीराबद्दलची भावना, जोडीदाराशी असलेलं नातं आणि जोडीदाराच्या स्वतःच्या लैंगिक तक्रारी. कोरडेपणा यात ठळक होता. म्हणजे सगळं जग बघतं छातीकडे आणि दुखणं असतं दुसरीकडे.

हा कोरडेपणा येतो कुठून? आपल्याकडच्या निम्म्याहून अधिक स्तनकर्करोगांच्या पेशी इस्ट्रोजेन या संप्रेरकावर पोसल्या जातात. म्हणून शस्त्रक्रिया, केमो, रेडिएशन हे सगळं आटोपल्यावर एक छोटी गोळी सुरू होते. पाळी चालू असेल तर बहुधा टॅमॉक्सिफेन, पाळी गेली असेल तर लेट्रोझोल किंवा अ‍ॅनास्ट्रोझोल. पाच वर्षं, कधी दहा. टॅमॉक्सिफेन स्तनाच्या पेशीतली इस्ट्रोजेनची जागा अडवून धरतं. लेट्रोझोलच्या जातीच्या गोळ्या तर शरीरातलं उरलंसुरलं इस्ट्रोजेन जवळजवळ शून्यावर आणतात. तरुण बायकांना काही वेळा बीजकोश झोपवणारी इंजेक्शनंही दर महिन्याला दिली जातात, आणि केमोमुळे पाळी जाते ती वेगळीच. निसर्ग जो बदल चार-पाच वर्षांत हळूहळू घडवतो, तो इथे काही महिन्यांत येऊन आदळतो. रात्री घामाने गाऊन भिजतो, हाडं दुखतात, झोप जाते. आणि योनीचं अस्तर पातळ, फिकट, नाजूक होतं. त्यातला ओलावा जातो, आम्लता कमी होते, रक्षण करणारे जिवाणू घटतात. मग संबंधाच्या वेळी जळजळतं, चिरा पडतात, कधी रक्त येतं.

पुढचा भाग जास्त त्रासाचा आहे. एकदा दुखलं की दुसऱ्या वेळी शरीर आधीच आखडतं. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळले जातात आणि दुखणं वाढतं. मग ती टाळते. नवऱ्याला वाटतं, आता तिला आपण नको आहोत. तिला वाटतं, आपण बायको म्हणून संपलो. ही बाई डॉक्टरकडे जाते तेव्हा सांगते काय? लघवीला जळजळ होते. तिला पुन्हापुन्हा प्रतिजैविकं दिली जातात. प्रत्येक वेळी जंतू सापडतातच असं नाही, कारण इस्ट्रोजेन गेल्यामुळे मूत्रमार्गाचं अस्तरही तसंच पातळ झालेलं असतं. लघवीची तक्रार पुन्हापुन्हा घेऊन येणाऱ्या अशा बाईला आणखी एक प्रश्न विचारावा, इतकं साधं आहे हे.

कुणी विचारत नाही, तेव्हा ती आपल्या परीने उपाय शोधते आणि गोळी बंद करते. कुणाला न सांगता. उत्तर कॅलिफोर्नियातल्या ८,७६९ स्त्रियांचा मागोवा घेणारा एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ही औषधं पूर्ण मुदतीपर्यंत नीट घेतलेल्या स्त्रिया ४९ टक्के निघाल्या. सगळ्यांनी कोरडेपणामुळेच सोडली असं कुणी म्हणत नाही. सांधेदुखी आहे, घाम आहे, खर्च आहे, कंटाळा आहे. पण दुष्परिणाम मुकाट सोसणारी बाई गोळीही मुकाटच सोडते. टॅमॉक्सिफेन पाच वर्षं घेतलं तर या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी होतात. तेव्हा कामजीवनाचा प्रश्न हा चैनीचा प्रश्न आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी हा हिशेब मांडून पाहावा. आपल्या भिडेची किंमत बायका जिवाने मोजत आहेत.

उपाय आहेत, आणि त्यातले बरेचसे स्वस्त आहेत. योनीसाठीचं मॉइश्चरायझर आठवड्यातून दोन-तीनदा, संबंध असो वा नसो, नियमाने वापरायचं. चेहऱ्याला लावायचं ते क्रीम इथे चालत नाही. संबंधाच्या वेळी वंगण वेगळं. पाण्यावर आधारलेलं जेल मेडिकलच्या दुकानात सहज मिळतं, फक्त ते लवकर सुकतं म्हणून पुन्हा लावावं लागतं. सिलिकोनचं जास्त टिकतं. कोकणातल्या बायका मला विचारतात, खोबरेल चालेल का? शुद्ध असेल आणि त्रास होत नसेल तर हरकत नाही, पण निरोध वापरत असाल तर नाही. तेलाने रबर फाटतं. सुगंधी साबण, जाहिरातीतले ‘इंटिमेट वॉश’ आणि अंघोळीच्या पाण्यातलं जंतुनाशक आधी बंद करा. निम्मी जळजळ तिथेच जाते, असा माझा अनुभव आहे.

एवढ्याने भागलं नाही तर? ओरेगॉनच्या स्त्रीरोगतज्ज्ञ मार्था गोएट्श यांनी २०१५ मध्ये एक सुटसुटीत उपाय तपासून दाखवला. दुखतं ते बहुधा आत नसतं, योनीच्या तोंडाशी असतं. तिथे लिग्नोकेन या बधिर करणाऱ्या औषधाचं ४ टक्के द्रावण कापसाने तीन मिनिटं लावून ठेवायचं, मग संबंध. अभ्यास ४६ स्त्रियांचाच होता, पण बहुतेकींचं दुखणं थांबलं आणि एकाही जोडीदाराने बधिरपणाची तक्रार केली नाही. लिग्नोकेन आपल्याकडे अगदी स्वस्त औषध आहे. ते डॉक्टरच्या सल्ल्याने, योग्य जागी लावायचं एवढंच. स्नायू आखडत असतील तर फिजिओथेरपिस्ट ते सैल सोडायला शिकवतात. इस्ट्रोजेनची योनीत लावायची कमी मात्रेची औषधं हा शेवटचा पर्याय, आणि तो कर्करोगतज्ज्ञाला विचारूनच. डेन्मार्कमधल्या २०२२ च्या मोठ्या अभ्यासात एकूण स्त्रियांमध्ये त्यामुळे आजार उलटण्याचं प्रमाण वाढलं नाही, पण लेट्रोझोलच्या जातीची गोळी घेणाऱ्यांमध्ये वाढलेलं दिसलं. म्हणून मैत्रिणीची ट्यूब उसनी घेऊ नका. शतावरी कल्पही ‘घरचंच तर आहे’ म्हणून सुरू करू नका, आधी विचारा. आणि ‘लेझरने तारुण्य परत’ अशा जाहिराती करणाऱ्यांबद्दल अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्येच इशारा दिला आहे. आपल्या शहरांत त्या पाट्या अजून दिमाखात झळकतात.

गर्भनिरोधाबद्दल दोनच वाक्यं. पाळी थांबली म्हणजे दिवस राहणार नाहीत असं समजू नका, आणि टॅमॉक्सिफेनवर असताना दिवस राहणं गर्भाला धोक्याचं आहे. संप्रेरकांच्या गोळ्या या बायकांना चालत नाहीत, तांबी किंवा निरोध चालतो. मूल हवं असेल तर तोही मार्ग बंद नाही. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, औषध ठरावीक काळ थांबवून गर्भधारणा करता येते का, याचा ५१८ तरुण स्त्रियांवर केलेला अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि अल्पकाळापुरते तरी त्याचे निष्कर्ष दिलासा देणारे आहेत.

आता छातीकडे वळते. स्तन काढल्यावर तिथली त्वचा बधिर होते. काखेतल्या गाठी काढताना दंडाच्या आतल्या बाजूची संवेदना नेणारी नस पुष्कळदा कापली जाते, तिथेही बधिरपणा येतो किंवा नुसत्या स्पर्शाने झिणझिण्या येतात. पुनर्रचना करून नवा स्तन बसवला तर आकार येतो, ब्लाउज नीट बसतो, पण पूर्वीची संवेदना सहसा परत येत नाही. हे शस्त्रक्रियेआधी स्पष्ट सांगितलं पाहिजे. ते न सांगता सुंदर छायाचित्रं दाखवणं मला पटत नाही. ज्या जागी सुख होतं ती जागा आता काही सांगत नाही, याचं दुःख वेगळं असतं. ते बोलून दाखवायला बाईला जागा लागते. मग तिने आणि जोडीदाराने नव्या जागा शोधायच्या असतात. मान, पाठ, दुसरा स्तन, मांड्या. शरीर मोठं आहे. हात जड वाटत असेल तर खाली उशी घ्यावी, त्या बाजूवर भार येणार नाही असं झोपावं. अंगात एखादा सैल कपडा ठेवून जवळ आलं तरी काही बिघडत नाही.

कपड्यात भरायच्या कृत्रिम स्तनाबद्दलही एक गोष्ट सांगते. अमेरिकी कवयित्री ऑड्री लॉर्ड यांनी १९८० मध्ये आपल्या कर्करोगाच्या नोंदींचं पुस्तक प्रसिद्ध केलं. कृत्रिम स्तन न लावता त्या डॉक्टरांच्या दवाखान्यात गेल्या, तर तिथल्या परिचारिकेने त्यांना सुनावलं की अशाने दवाखान्यातल्या सगळ्यांचं धैर्य खचतं. लॉर्ड यांचा राग वाचण्यासारखा आहे. आमच्या बायका कापूस भरतात, विणलेले भरतात, ज्यांना परवडतं त्या सिलिकोनचे घेतात, काही काहीच भरत नाहीत. सगळं बरोबर. फक्त ते रस्त्यावरच्या लोकांसाठी असावं. स्वतःच्या पलंगावर, दिवा मालवून, नवऱ्याला पाठ करून कपडे बदलायची वेळ येऊ नये.

पलंगाचंही एक सांगते, कारण हे पुस्तकांत लिहिलेलं नसतं. शस्त्रक्रिया झाली की आपल्या घरांत बाईची झोपायची जागा बदलते. ‘तिला आराम मिळू दे’ म्हणून ती सासूच्या किंवा मुलीच्या शेजारी जाते, किंवा दोन-तीन महिने माहेरी. हेतू चांगला असतो. पण केमो संपते, केस परत येतात, आणि बिछाना मात्र तिथेच राहतो. एका खोलीच्या घरात तर तो परत कसा न्यायचा? कुणी विचारायचं? वर्ष उलटतं, दोन उलटतात. नवरा-बायको तुटलेले नसतात, भांडलेलेही नसतात. नुसते वेगवेगळ्या भिंतींशी झोपतात. मी आता शस्त्रक्रियेनंतरच्या सूचनांत सांगून टाकते, सासूबाईंसमोरच. टाके निघाले की झोपायची जागा पूर्ववत करा. सासूबाई बहुधा हसतात आणि ऐकतात.

पुरुषांच्या मनातही भीती असते, आणि ती अनेकदा साध्या गैरसमजाची असते. कर्करोग संबंधातून लागत नाही. बाहेरून दिलेल्या रेडिएशनचा अंश बाईच्या अंगात उरत नाही. केमोच्या प्रत्येक मात्रेनंतर दोन-तीन दिवस निरोध वापरावा आणि पांढऱ्या पेशी फार खाली असताना थांबावं, एवढीच पथ्यं. पुष्कळ नवरे जवळ येत नाहीत ते तिला दुखेल म्हणून, आणि हे बोलत नाहीत म्हणून बायको त्याचा अर्थ किळस असा लावते. काही नवरे अर्थात सोडूनही जातात. त्यांच्याबद्दल या व्यासपीठावरून बोलण्यात वेळ घालवत नाही. आणि काहींच्या बाबतीत मधुमेह, रक्तदाब किंवा दारूमुळे स्वतःचंच बळ गेलेलं असतं, पण दोष बायकोच्या आजाराला देणं सोयीचं जातं. तपासणी दोघांची करावी.

‘इच्छाच होत नाही’ ही तक्रार सर्वांत अवघड, कारण तिला गोळी नाही. व्हँकुव्हरच्या रोझमेरी बेसन यांनी २००० मध्ये मांडलं की दीर्घ सहवासात अनेक स्त्रियांना इच्छा आधी आणि स्पर्श नंतर असं होत नाही. जवळीक होते, सुखद वाटतं, मग इच्छा जागते. इच्छेची वाट पाहत बसलं तर वर्षं जातात. लैंगिकतेचे अमेरिकी संशोधक मास्टर्स आणि जॉन्सन यांचा १९७० मधला सल्ला इथे अजूनही उपयोगी पडतो. काही आठवडे संबंध ठेवायचाच नाही असं ठरवून टाकायचं आणि नुसतं एकमेकांना हात लावायला पुन्हा शिकायचं. पुढे काय होणार याचं दडपण गेलं की शरीर सैल होतं.

आतापर्यंत मी सतत नवरा, नवरा म्हणत आले. माझ्याकडे येणाऱ्या सगळ्याच विवाहित नसतात. विधवा असतात, घटस्फोटित असतात, एकट्या असतात, स्त्रीवर प्रेम करणाऱ्या असतात. त्यांच्याशी तर कुणी या विषयावर ओझरतंही बोलत नाही. स्वतःच्या शरीराला स्वतः हात लावून सुख घेणं वैद्यकीयदृष्ट्या पूर्ण निर्धोक आहे, आणि अस्तर निरोगी राहायला त्याची मदतच होते. हे वाक्य मी मुद्दाम माइकजवळ येऊन म्हटलं आहे.

मराठी माणसाने हे ऐकून दचकावं असं काही कारण नाही. मुंबईत र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये संततिनियमनाचं केंद्र काढलं, नोकरी गमावली, १९२७ पासून मरेपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालवलं आणि स्त्रीला कामसुखाचा हक्क आहे असं छापून सांगितलं. अश्लीलतेचे खटले झाले, १९३४ च्या खटल्यात बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले. खटला ते हरले. आज असं लिहिणाऱ्यावर खटला होणार नाही, तरी आमच्या तपासणीच्या खोलीत कामसुख हा शब्द उच्चारला जात नाही.

विचारायचं कसं, यासाठी मोठं प्रशिक्षण लागत नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॅक अ‍ॅनन यांनी १९७६ मध्ये पायऱ्या सांगितल्या. पहिली पायरी म्हणजे बोलायची मुभा देणं, मग थोडी माहिती, मग नेमका उपाय, आणि फारच गुंतागुंत असेल तर तज्ज्ञाकडे पाठवणं. बहुतेक बायकांचं काम पहिल्या तीन पायऱ्यांवरच होतं. ‘या गोळीने अनेकींना संबंधाच्या वेळी दुखतं. तुम्हाला होतं का?’ एवढंच विचारा. परिचारिका विचारू शकते, फिजिओथेरपिस्ट विचारू शकते, समुपदेशक विचारू शकते. सर्जनलाही तोंड आहे.

आणि शेवटी, ज्या बायका हे उपचार घेत आहेत आणि आज इथे बसल्या आहेत त्यांना. दुखत असेल तर पुढच्या तपासणीची वाट पाहू नका, फोन करा. बोलवत नसेल तर चिठ्ठीवर लिहून डॉक्टरांच्या हातात द्या. डॉक्टर हसले, किंवा ‘जीव वाचला हे काय कमी आहे’ असं म्हणाले, तर डॉक्टर बदला. गोळी बंद करू नका.